ऑगस्टअखेर मुंबईहून लियाँ: आधी कुठला कागद, मग कुठला?

घाटकोपर_पूर्व
नमस्कार. धाकट्या बहिणीला फ्रान्समधल्या लियाँला मास्टर्ससाठी प्रवेश मिळालाय, व्हिसाही आला. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघायचंय. बँक घराचा पत्ता मागते, घरमालक बँक खातं मागतो, आरोग्य विम्यावाले जन्मदाखला मागतात. सुरुवात कुठून करायची? तिचा दाखला जुना, हाताने लिहिलेला आहे आणि त्यावर नावच नाही, नुसतं 'मुलगी' लिहिलंय. आई इकडे कुकर बांधायला बसलीय. तोही न्यायचा का?

चहा_खारी
कुकर नंतर. आधी तो दाखला.

नाव नसलेल्या दाखल्यावर तिकडचं एकही सरकारी काम पुढे सरकणार नाही. उद्याच एन वॉर्डच्या ऑफिसात जाऊन नावाची नोंद करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि आईवडिलांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. नवा छापील दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत हवा, त्यावर आईवडील दोघांची पूर्ण नावं हवीत. मग राज्य सरकारचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं प्रमाणपत्र), आणि भाषांतर सगळ्यात शेवटी. बरेच जण घाईत भाषांतर आधी करतात, मग अपॉस्टिलचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि पुन्हा पैसे जातात. भाषांतरकार तिथल्या कोर्टाच्या यादीतला, म्हणजे 'असेरमाँते' असला की कोणी हरकत घेत नाही.

एवढा आटापिटा का, तर सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा, कायमचा नंबर याच कागदावरून बनतो. पहिला आकडा मुलीसाठी २, मग जन्मवर्षाचे दोन आकडे, मग महिना, मग ९९ म्हणजे जन्म फ्रान्सबाहेरचा. सुरुवातीला ७ किंवा ८ ने सुरू होणारा तात्पुरता नंबर मिळतो. दाखला पटेपर्यंत तो तसाच राहतो आणि तोवर 'कार्त व्हिताल', म्हणजे विम्याचं कार्ड, येत नाही. डॉक्टरकडे गेलं की त्यांनी दिलेला तपकिरी फॉर्म टपालाने पाठवून पैसे परत मिळायची वाट बघा. नोंदणी फुकट आहे, अमेलीच्या (याच सरकारी विम्याच्या) परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या वेबसाइटवर होते.

नावाचंही बघा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं आणि दाखल्यावर बऱ्याचदा नुसतं पहिलं नाव. फ्रेंच क्लार्क वडिलांचं नाव म्हणजे तिचंच दुसरं 'प्रेनाँ' (स्वतःचं नाव) समजतो. त्याने बिघडत काही नाही, पण मग कॉलेज, बँक, विमा सगळीकडे अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच भरायचं. नवीन दाखला काढताच आहात तर स्पेलिंग तिथेच जुळवून घ्या.

सातवी_खिडकी
व्हिसाचं मी सांगतो. आधी स्टिकर नीट वाचा. 'व्हीएलएस-टीएस' (राहण्याचा परवानाही धरला जाणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा) असेल तर पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा. व्हिसा नंबर, फ्रान्समध्ये शिरल्याची तारीख, तिथला पत्ता आणि ई-स्टँपचे पैसे, एवढंच लागतं. शेवटी येणारी पीडीएफ पासपोर्टसोबत ठेवा. हे राहिलं तर तीन महिन्यांनंतर बहिणीचं तिथे राहणं बेकायदा ठरतं, आणि नाताळात घरी आली तर परत जाता येणार नाही. स्टिकरवर 'कार्त द सेजूर आ सोलिसिते' (राहण्याच्या परवान्याचं कार्ड मागून घ्या) असेल तर गोष्टच वेगळी, पोचल्यावर दोन महिन्यांत कार्डासाठी अर्ज करावा लागतो. फ्रँकफर्टमार्गे जाणार असाल तर पासपोर्टवरचा शिक्का जर्मनीचा असेल, म्हणून फ्रान्समध्ये शिरल्याची तारीख दाखवायला बोर्डिंग पास फेकू नका.

पत्त्याची गाठ सुटते ती राहण्याच्या जागेपासून. विद्यार्थी वसतिगृहातून राहत असल्याचं पत्र घ्या. त्यावर व्हिसा व्हॅलिडेट होतो आणि बँक खातंही उघडतं. बँकेतून मिळणारा 'रिब' हा खात्याच्या तपशिलाचा एक पानी कागद पुढे घरमालक, विमा, मोबाइल कंपनी सगळ्यांना द्यायचा. तोवर दुसऱ्या युरोपीय देशातलं ऑनलाइन खातं वापरलं तर नियमाने नाकारता येत नाही, पण 'एफआर'ने सुरू होणारा, म्हणजे फ्रान्समधला, खाते नंबर असला की वाद घालावा लागत नाही.

कॉलेजच्या नोंदणीआधी सेवेक हा विद्यार्थ्यांचा वार्षिक आकार भरायचा असतो, २०२५-२६ साठी तो १०५ युरो होता. पावती जपून ठेवा.

घाटकोपर_पूर्व
धन्यवाद! वसतिगृह डिसेंबरपर्यंतच आहे. नंतर खाजगी खोली घ्यावी लागेल. हमीदार फ्रेंचच लागतो म्हणे?

परळ_व्हिलरबान
नाही. 'व्हिझाल' नावाची मोफत हमी मिळते, वयाच्या तिशीपर्यंत. मुख्य अट: सर्टिफिकेट करारावर सही करायच्या आधी हातात हवं. सही झाल्यावर अर्ज केलात तर उपयोग शून्य.

फर्निचरवाल्या खोलीला डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, तेही चार्जेस सोडून. मालक जास्त मागत असेल तर तो कायद्याबाहेर आहे. लियाँ आणि त्याला लागून असलेल्या व्हिलरबानमध्ये भाड्यावरही नियंत्रण आहे, करारात त्याचा आकडा शोधा. घराचा विमा भाडेकरूनेच काढायचा, त्याशिवाय किल्ली मिळत नाही.

'एता दे लिअ' हा शब्द पाठ करा. खोली ताब्यात घेताना तिची अवस्था नोंदवायचा तो तक्ता. इथे आपल्या लोकांचं चुकतं, 'बाँ एता' (चांगल्या स्थितीत) म्हणजे उत्तम असं वाचून सही ठोकतात. गादी उलटी करून डाग बघा, खिडकीचं शटर खालीवर करा, शॉवरच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलंय का ते बघा, आणि सगळं लिहून घ्या, फोटोसह. नंतर काही दिसलं तर १० दिवसांत लेखी कळवून भर घालता येते. डिपॉझिट परत मिळणार ते याच कागदावर.

'काफ' या सरकारी भत्ता संस्थेचा भाडेभत्ता महिन्याच्या हिशेबात धरू नका. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे नियम बदलताहेत.

चहा_खारी
आता कुकर. फ्रिजवरचं मॅग्नेट बुडाला लावून बघा. चिकटलं तर न्या, गळून पडलं तर तो बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि इंडक्शनवर तापणारच नाही. तीन लिटरचा पुरतो, शिटी आणि रबर मात्र जास्तीचे घ्या.

तूप, पेढे, चितळ्यांची बर्फी बॅगेत नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. गोडा मसाला आणि मेतकूट चालतं, पण दुकानाचं सीलबंद पाकीट आणि त्यावर इंग्रजी लेबल असू द्या. स्टीलच्या डब्यातली पांढरी पूड कस्टमवाल्याला समजावत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आणि आपली तीन पिनांची जाडी पिन तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. एक अ‍ॅडॉप्टर आणि इथलंच एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, लॅपटॉप-मोबाइलचं भागतं. हीटर किंवा इस्त्री त्यावर लावू नका.