मदत हवी आहे : ऑप्टिक न्यूरायटिसनंतरच्या ओसीटी अहवालाविषयी

माझ्या धाकट्या बहिणीला गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचा ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हचा दाह) झाला होता. स्टिरॉइडनंतर नजर बरीचशी परत आली, तरी त्या डोळ्याला लाल रंग अजून फिका दिसतो. न्यूरॉलॉजिस्टना मल्टिपल स्क्लेरॉसिसची (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब करणाऱ्या रोगाची) शंका असून एमआरआयसोबत त्यांनी दोन्ही डोळ्यांचा ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांची जाडी मोजणारी तपासणी) सांगितला आहे.

दृष्टिपटलातील चेतातंतूंवर मायलिनचे आवरण नसते, त्यामुळे तिथला थर पातळ झालेला दिसला तर ती खुद्द तंतूंची झीज मानता येते, आणि हे सारे केवळ प्रकाशाच्या साहाय्याने, इंजेक्शनाशिवाय मोजता येते, एवढे मी वाचले आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेत ऑप्टिक नर्व्हला या रोगाच्या खुणा शोधण्याची पाचवी जागा मानले आहे. त्यात दोन डोळ्यांच्या चेतातंतू-थरातील ६ मायक्रॉन किंवा गँग्लियन पेशींच्या (ज्यांपासून हे तंतू निघतात त्या पेशींच्या) थरातील ४ मायक्रॉन फरकालाही महत्त्व आहे.

अडचण अशी की बहिणीच्या उजव्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर डाव्यापेक्षा बराच जास्त आहे, आणि मोठ्या मायोपियानेही (लांबचे धूसर दिसण्याच्या दोषानेही) हा थर पातळ दिसतो. शिवाय जुना ओसीटी वेगळ्या कंपनीच्या यंत्रावरचा आहे. त्यातले आकडे नव्याशी थेट ताडून पाहू नयेत, हे मला पटते.

अशा वेळी गँग्लियन पेशींच्या थरावर अधिक भर द्यावा का? ऑप्टिक न्यूरायटिस घडवणारे इतर आजार ओळखणाऱ्या एक्वापोरिन-४ आणि मॉग प्रतिपिंडांच्या रक्तचाचण्यांबद्दल डॉक्टरांना आताच विचारावे का? समूहातील नेत्रतज्ज्ञांनी, तसेच या तपासण्यांतून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.