वारेतल्या (प्लॅसेंटातल्या) पेशींवर स्ट्रेस येतो म्हणे, मग अँटीऑक्सिडंट चालू करायचे का?

चिमणराणी:
वहिनीला पहिल्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढतं, लघवीत प्रोटीन जातं तो आजार) झाला होता, ३२व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. आता परत दिवस गेलेत, १०वा आठवडा चालूय. नेटवर वाचलं की वारेत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो (ऑक्सिजनच्या घातक कणांनी पेशींना इजा होते) म्हणून हे होतं, मग व्हिटॅमिन सी आणि ई घेतलं तर टळेल ना? दादा तर डबे मागवून बसलाय.

पेशीपुराण:
वाटतं बरोबर, पण चाललं नाही ते. ब्रिटनमध्ये जास्त धोका असलेल्या बायकांवर मोठी ट्रायल झाली, २००६ला छापून आली, रोज १००० मिग्रॅ सी आणि ४०० युनिट ई देऊनही काही फरक नाही, उलट कमी वजनाची बाळं थोडी जास्तच निघाली. कारण भानगड खूप आधी सुरू होते. गर्भाशयातल्या पीळदार रक्तवाहिन्यांत वारेच्या पेशी शिरतात आणि त्या रुंद करतात, ते काम अर्धवट राहिलं की रक्त पिचकारीसारखं जोरात आणि तुटक येतं, ऑक्सिजन कमीजास्त होत राहतो, पेशीत प्रोटीनची घडी नीट बसत नाही, ती साचायला लागतात, मग पेशी नवीन प्रोटीन बनवणंच कमी करते म्हणून वारही लहान राहते. आणि अशी वैतागलेली वार एसएफएलटी-१ नावाचं प्रोटीन आईच्या रक्तात भरमसाट सोडते, ते रक्तवाहिन्यांना लागणारे वाढीचे घटक अडकवून ठेवतं, तिथून मग बीपी, लघवीत प्रोटीन वगैरे. द्राक्षगर्भात (वार द्राक्षाच्या घडासारखी वाढते तो बिघडलेला गर्भ) बाळ नसतं तरी हा आजार होतो, यावरून समजा मूळ वारेतच आहे.

मनीमाऊ८२:
पण उशिरा होणाऱ्यात वार अगदी नॉर्मल साइझची पण असते हां, सगळ्यांना एकच फॉर्म्युला लावू नका. वहिनींचं लवकरचं होतं म्हणून अ‍ॅस्पिरिनचं आजच डॉक्टरांना विचारा. २०१७च्या ट्रायलमध्ये धोका जास्त असलेल्यांना ११ ते १४ आठवड्यांत रोज रात्री १५० मिग्रॅ सुरू करून ३६ आठवड्यांपर्यंत दिली, ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. मनाने मात्र घेऊ नका.

चिमणराणी:
बापरे, थँक्यू दोघांना, डबे परत पाठवायला सांगते. ती एसएफएलटीची टेस्ट आत्ताच करून घेऊ का?

पेशीपुराण:
आत्ता नको, ती गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर शंका आली तर. त्यात एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ (वारेतून येणारा रक्तवाहिन्यांच्या वाढीचा घटक) यांचा रेशो बघतात, तो ३८ किंवा कमी आला तर पुढचा आठवडाभर तरी बहुतेक काळजी नसते. आत्ता बीपी बघा आणि ११-१३ आठवड्यांच्या सोनोग्राफीतच गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते बघणारी तपासणी) करून मागा.