नवीन स्टाफला पेशंटचं ऐकायला कसं शिकवायचं? वॉर्डात काम केलेल्यांनी जरा सांगा

वॉर्ड_अक्का_बेळगाव

नमस्कार. मी बेळगावात एका प्रायव्हेट हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इन-चार्ज आहे, जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) करून १७ वर्षं झाली. पुढच्या महिन्यात ९ नवीन मुली जॉईन होणार, बऱ्याचजणी बागलकोट, विजयपूर, गोकाककडच्या, म्हणजे कन्नडवाल्या, दोघी केरळच्या, आणि त्यांचं ट्रेनिंग माझ्याकडं आलंय. हात धुणं, सलाईन लावणं, औषधाचे पाच राईट (योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग, वेळ) हे सगळं कॉलेजात झालेलं असतंय, त्याची काळजी नाही मला.

काळजी कशाची ते सांगते. मागं आमच्याकडं खानापूरकडची एक आज्जी ॲडमिट होती, शुगरची पेशंट. रात्री तिनं बेल दाबली, नवीन मुलगी लगेच गेली, आपल्या मोडक्या मराठीत विचारलं "आज्जी, दुखतंय?" आज्जी म्हणली "दुखत नाही गं बाई, छातीवर पाटा ठेवल्यागत वाटालंय." मुलीला पाटा म्हणजे काय कळलं नाही, दुखत नाही एवढं कळलं, केस शीटवर पेन स्कोअर (दुखणं किती त्याचा आकडा) शून्य लिहिला आणि पाणी देऊन आली. पहाटे आज्जीला घाम फुटला तेव्हा ईसीजी काढला, तर अटॅक. शुगरवाल्यांना आणि वयस्कर बायकांना छातीत कळ न येता पण अटॅक येतो हे तिला पुस्तकातनं माहीत होतं हो, आणि छातीची तक्रार आली की १० मिनिटांत ईसीजी हे पण पाठ होतं. आज्जी वाचली, पण ती मुलगी चार दिवस जेवली नाही आणि मला पण अजून झोपेत तो स्कोअर दिसतो. मी तिला ओरडले नाही, कारण तिनं विचारलं होतं, फक्त हो-नाही एवढंच उत्तर येईल असं विचारलं.

हे पीपीटी दाखवून शिकवता येत नाही. तुम्ही कसं करता?

रिटायर्ड_सिस्टर_शहापूर

अक्का, वाचून पोटात कालवलं. मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, माझं एकच सांगणं, हँडओव्हर (शिफ्ट बदलताना पेशंट सोपवणं) नर्सिंग स्टेशनवर बसून करू देऊ नका, खाटेपाशी करा. दोन्ही शिफ्टच्या मुली पेशंटसमोर उभ्या, आधी पेशंट कोण, आता काय चाललंय, मागचं काय, तपासून काय दिसलं, पुढं काय करायचं, त्या एसबीएआरच्या क्रमानं, आणि शेवटी पेशंटला विचारायचं "हिनं सांगितलं त्यात काय राहिलं काय?" तुमच्या आज्जीनं पाट्याचं तिथं परत सांगितलं असतं बघा, आणि दुसऱ्या मुलीला कळलं असतं. फक्त खाजगी गोष्टी, कुठला रिपोर्ट वगैरे, शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं बोलायचं नाही, ते बाहेर. आणि मुलींना सांगा, बोलताना खाली बसायचं स्टुलावर. उभ्या माणसाला आमची म्हातारी माणसं काय सांगत नाहीत, सिस्टर घाईत आहे म्हणून गप्प बसतात.

नंदगडचा_पोरगा

मी नर्स नाही, पेशंटचा मुलगा म्हणून लिहितो चालेल ना. वडिलांना लकवा झाला तेव्हा ११ दिवस बेळगावात होतो. एक सिस्टर होती ती दर दोन तासांनी कूस बदलायला यायची आणि मला पण हाताला धरून दाखवलं, दोन गुडघ्यांच्या मधी उशी, पिंडरीखाली उशी म्हणजे टाच अधांतरी राहते, माकडहाडावर लाल डाग दिसला तर चोळायचं नाही लगेच सांगायचं. घरी आल्यावर आम्ही कॅलेंडरच्या मागं वेळ लिहून लिहून कूस बदलली, एक पण जखम झाली नाही.

अजून एक. डिस्चार्जला सगळे विचारतात "समजलं ना?" आणि आई सगळ्यांना "व्हय" म्हणते, न समजता पण. ह्या सिस्टरनं तसं विचारलं नाही, म्हणली "मावशी, आता तुम्ही मला भरून दाखवा ह्यांचं इन्सुलिन." आईनं भरलं तर सिरिंज नारिंगी टोपणाची! बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट) होती, तिला लाल टोपणाची पाहिजे, मेडिकलवाल्यानं १०० ची सिरिंज दिली होती. सिस्टर म्हणली ह्यात २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात ८ युनिटच जाणार. आम्ही महिनाभर तेच टोचत बसलो असतो आणि शुगर का उतरत नाही म्हणून डॉक्टरला दोष दिला असता. फ्रीज नाही म्हणल्यावर मातीच्या भांड्यात कसं ठेवायचं ते पण तिनंच सांगितलं. नाव विचारायचं राहिलं त्यांचं, त्याचं वाईट वाटतं.

नाईट_ड्युटी

सगळं पटतंय पण माझी पण बाजू ऐका. रात्री १४ पेशंट आणि मी एकटी, स्टुलावर बसू कधी? आणि ट्रेनिंग नेहमी नाईट उतरल्यावर ठेवतात, डोळे मिटत असतात, सही करतो आणि घरी जातो. अक्का तुम्ही ट्रेनिंग ड्युटीच्या वेळेतच ठेवा, वॉर्डात, १५ मिनिटं, एक दिवस एकच गोष्ट. आणि मॅनेजमेंटला स्टाफ वाढवायचं पण बोला, ते तुम्हीच बोलू शकता, आमचं कोण ऐकत नाही.

ट्यूटर_निपाणी

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. भाषेचं आम्ही असं केलंय, मुलींनी वॉर्डात जाऊन पेशंटच्या तोंडचे शब्द वहीत लिहून आणायचे, कळ, ठणका, चमक, मुंग्या, आग, ओढ, दडपण, भरून येणं, कोंडल्यागत. मग वर्गात एकेका शब्दाचं कन्नड काय आणि तो ऐकला की काय तपासायचं ते बोलायचं. नुसतं दुखणं म्हणजे नोवु एवढ्यावर भागत नाही. "दुखतंय का" च्या आधी "काय व्हायलंय, सांगा" असं विचारायला लावते, कन्नडवाल्या पेशंटला "एन आगाकत्तैती?" आणि जे उत्तर येईल ते केस शीटवर पेशंटच्याच शब्दात, अवतरणात लिहायचं, अर्थ कळो न कळो. तुमच्या मुलीनं 'छातीवर पाटा' एवढं लिहिलं असतं तरी राउंडला येणारा कोणीतरी थांबला असता. दुसरं, प्रत्येक मुलीला एकदा खाटेवर झोपवा, हाताला सलाईनची पट्टी, आणि बाकीच्यांनी तिला न येणाऱ्या भाषेत तिच्याबद्दल बोलायचं, दहा मिनिटं. माझ्या वर्गात केरळची एक मुलगी उठली तेव्हा रडत होती.

वॉर्ड_अक्का_बेळगाव

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. खाटेपाशी हँडओव्हर सोमवारपासूनच चालू करते, नवीन मुलींची वाट बघत नाही. शब्दांची वही स्टेशनवर ठेवणार, पहिलं पान त्याच मुलीला लिहायला सांगितलं, ती हो म्हणली. नाईटचं पण बोलते मेट्रनकडं, १४ ला एक हे मी लेखी देणार. नंदगडच्या भावा, लाल-नारिंगी टोपणाचं मी माझ्या वॉर्डात आज सकाळीच तपासलं, एका पेशंटच्या पिशवीत चुकीची सिरिंज निघाली.