अनुभव धागा: धडधड सुरू झाली की तुम्ही काय करता?

गुहागरकरीण
विषय जुनाच आहे, पण अनुभव एका जागी सापडत नाहीत म्हणून धागा काढतेय. जीव घाबरा झाला की हळू हालचाल आणि श्वासावर लक्ष, याचा कुणाला खरंच उपयोग झाला का? नेमकं काय केलंत ते बारीकसारीक लिहा. 'सकारात्मक राहा' छाप प्रतिसाद नकोत, आणि कुणाला चालू गोळ्या बंद करायला सांगू नका.

माझं सांगते. मी किनाऱ्यावर चालते. चार पावलं श्वास आत, सहा पावलं बाहेर. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र नाही. तिथे पाय रुततात, दम लागतो, आणि दम लागला की मन लगेच म्हणतं, आली धडधड! ओहोटीची ओली, घट्ट वाळू हवी. ओहोटी रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे 'रोज सकाळी सहाला' ही शिस्त माझ्या नशिबी नाही. सासूबाई विचारतात, "आज तुझा समुद्र किती वाजता?"

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर रात्री पत्र्यावर सर वाजली की उठून जिना बघते. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ती खूण अजून आहे. मग मोबाईल. भरती किती वाजता, धरणाचं पाणी सोडलं का, तीन ग्रुपवर तीन उत्तरं. तेवढ्यात बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आता आपलं काही खरं नाही असं वाटायला लागतं.

समुपदेशक बाईंनी कारण सांगितलं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या त्याच्या. हवा कमी पडत नसते, जास्त होत असते! आणि घरचे ओरडत असतात, "मोठ्ठा श्वास घे." म्हणजे आगीत तेल.

आता मी कठडा धरून उभी राहते. टाचा उचलताना नाकाने श्वास, अगदी साधा. टेकवताना ओठांचा चंबू करून सोडायचा, टाच फरशीला लागेपर्यंत. टाच आपटली तर श्वास घाईत गेला असं समजायचं. पोटऱ्या तापतात, लक्ष तिकडे जातं. भीती पूर्ण जात नाही हो, खोटं कशाला सांगू. पण परत जाऊन झोपते. आधी उजाडेपर्यंत पायरीवर बसून असायचे.

देवबागचो_झील
माका डोळे मिटून बसूक जमणा नाय. बसलंय काय मन खंयच्या खंय जाता. मासेमारीच्या बंदीत, १ जून ते ३१ जुलै, होडी वर घेतली की हाताक काम नाय आणि डोक्याक कर्जाचे हप्ते. तेव्हा जाळा शिवतंय. सुई आत घालताना श्वास घ्यायचो, गाठ आवळताना सोडूचो. कोणी शिकवलेला नाय.

गुहागरकरीण
@देवबागचो_झील, डोळे मिटल्यावर अस्वस्थ वाटणारे पुष्कळ आहेत. हाताला काम देणं हा उत्तम मार्ग.

उक्षी_ते_भोके
चाकरमानी. गणपतीला गावी जाताना माझी परीक्षा म्हणजे करबुडे बोगदा. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. रेंज जाते, खिडकीत आपलंच तोंड दिसतं. बोगद्याआधीचं उक्षी स्टेशन आलं की चपला काढतो. पायाची बोटं आवळायची, मग श्वास सोडत सैल करायची. शेजारच्याला पत्ताही लागत नाही, हा मोठा फायदा.

योगवर्ग_रत्नागिरी
शिकवते म्हणून थोडं लिहिते. श्वास घेताना हृदयाची गती किंचित चढते, सोडताना उतरते. मनगटावर बोटं ठेवून बघा, काहींना स्पष्ट कळतं. यात व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम असतं. म्हणून सोडणं लांबवायचं, आणि सवय झाल्यावर मिनिटाला सहाएक श्वासांपर्यंत यायचं. ऐन धडधडीत कपालभाती, भस्त्रिका करू नका. तो वेगच घाबरवतो. भ्रामरी चालते, गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो.

छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ, दरदरून घाम असं असेल तर श्वास मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा. रात्रीबेरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

वाचनमात्र
मला यातल्या कशानेही फरक पडला नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पडला. हेही कुणीतरी लिहायला हवं.

गुहागरकरीण
बरं झालं लिहिलंत. धाग्यात हे हवंच होतं.

दापोलीची_आजी
गुडघ्यांमुळे टाचा उचलणं जमायचं नाही. पडवीत झोपाळा आहे. त्यावर बसून चालेल का?

योगवर्ग_रत्नागिरी
चालेल की आजी. झोका अगदी लहान ठेवा, पाय जमिनीला टेकतील इतका. एका झोक्याला श्वास आत, दोन झोक्यांना बाहेर. चक्कर आली तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. कड्या करकरत असतील तर आधी तेल घाला, मोजणं चुकतं.

दापोलीची_आजी
तेल घालणार नाही. कड्या वाजल्या की सुनेला कळतं मी जागी आहे, चहा येतो.