कोकणात राहून पोषण आणि अन्नहक्काच्या क्षेत्रात काम करता येईल का?

प्रश्न (गुहागर)

नमस्कार. यंदा मी गृहविज्ञान शाखेत पोषण व आहारशास्त्र घेऊन पदवी पूर्ण केली. सोबतच्या बहुतेक मुली मुंबईतील रुग्णालयांत आहारतज्ज्ञ म्हणून जाऊ पाहत आहेत. माझे मन मात्र गावाकडे ओढ घेते. माझी आजी रोज नाचणीची आंबील घेत असे. आता आमच्या वाडीत वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी जवळजवळ कोणी लावत नाही, घरात रेशनचा तांदूळ आणि दुकानातली बिस्किटे येतात, आणि गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे वारंवार कानावर येते. ताटात काय पडते हे शेती, रेशन, अंगणवाडी आणि बाजार मिळून ठरवतात, एवढे मला उमगले आहे. पण या सगळ्यावर काम करणाऱ्या माणसाला नोकरी कोण देते आणि त्यासाठी पुढे काय शिकावे?

उत्तर (निवृत्त मुख्यसेविका, राजापूर)

ताई, सरकारी वाट सांगते. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून चालू आहे. तिच्यात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, हे पदवीधर महिलांसाठीचे पद असून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची निवड राज्य लोकसेवा आयोगामार्फत होते. शिकायचे असल्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाचा, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तुमचा ओढा पाहता मी दुसरा सुचवीन, कारण ताटातील कमतरता तुम्हाला ओळखता येते. ती कोणाच्या ताटात आणि का राहते, हे तिथे शिकता येईल.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, पण रक्तक्षय एकट्या नाचणीने हटत नाही. तिच्यातील काही घटकच लोह शोषू देत नाहीत आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात भर घालतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईला लोहाच्या गोळ्या मिळाल्या का, मळमळते म्हणून तिने त्या सोडल्या का, घरात ती सर्वांत शेवटी जेवते का, हे विचारायला कोणीतरी उंबरठ्यावर जावे लागते. मी पुष्कळ वर्षे तेच केले.

उत्तर (कर्जत, रायगड)

मी कातकरी या आदिवासी समाजाच्या वाड्यांवर काम करतो. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो आणि त्याहून लहानांना घरी नेण्याचा. परंतु मूल भट्टीवर असताना त्याचे नाव गावच्या हजेरीपटावर असते आणि भट्टीजवळची अंगणवाडी त्याला आपले मानत नाही. शिधापत्रिका दुसऱ्या गावातही चालते, हे कित्येकांना कोणी सांगितलेलेच नसते. आरोग्यातील समता म्हणतात ती मला इथेच कळली: योजना सर्वांसाठी सारखीच असते, पण तिच्यापर्यंतचे अंतर प्रत्येकाला वेगळे पडते. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलेले मूल अतितीव्र कुपोषित ठरते. ते मूल भट्टीवर असेल, तर पट्टी लावणार कोण?

पगाराबाबत स्पष्ट लिहितो. संस्थांमधील बहुतेक कामे प्रकल्पावर असतात आणि प्रकल्प संपला की नोकरी जाते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

उत्तर (दापोली)

मी इथल्या कृषी विद्यापीठात शिकलो. नाचणी मागे पडण्याला चव फारशी कारणीभूत नाही. डोंगरउतारावरची लावणी, मजुरांची टंचाई, माकडे आणि रानडुकरांची नासधूस, आणि त्या जागेवर आलेल्या आंबा-काजूच्या बागा, असा हा हिशेब आहे. म्हणून केवळ ‘नाचणी खा’ असे सांगत फिरण्यापेक्षा उमेद या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानातील एखाद्या बचतगटाने नाचणी पिकवावी आणि ती शाळेच्या पोषण आहारात किंवा अंगणवाडीत कशी घेतली जाईल, हे जुळवणारी व्यक्ती हवी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रवेश अर्ज भरीनच. पण त्याआधी गावच्या अंगणवाडीत सहा महिने वजन-उंचीच्या नोंदी घेण्यास मदत केली, तर चालेल का?

उत्तर (निवृत्त मुख्यसेविका, राजापूर)

अवश्य. आधी सेविकेला विचारा, नंतर मुख्यसेविकेची परवानगी घ्या. पहिला महिना नोंदवहीला हात न लावता नुसत्या तिच्याबरोबर घरोघरी फिरा.