मदत हवी आहे: चिंचोक्याची खळ टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांचे गोल खेळायचे पत्ते, हाताने रंगवते. पुढच्या महिन्यात कलाजत्रेत स्टॉल आहे, तिथे लोकांसमोर पान अगदी पहिल्यापासून करून दाखवायचंय. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटायचे, मंद आचेवर खळ शिजवायची, मग कापडावर थर आणि घोटाई.

अडचण खळीचीच. दुसऱ्या दिवशी आंबते, तिसऱ्या दिवशी बुरशी! मोरचूद घालता येईल, पण ते विषारी. लहान मुलं हात लावणारच. बाजारचा गोंद वापर, असं मैत्रीण म्हणते. १० अवतारांची १२० पानं हातची म्हणून सांगायची आणि खाली तयार गोंद? मन धजत नाही.

कुणी लवंगेचं तेल किंवा कडुनिंबाचा काढा घालून पाहिलाय का? वाटीभर खळीला किती? त्याने पानावरचा पांढरा थर पिवळा पडतो का?