महागडा रविवार ब्रंच : बिल, बुफे, बेनेडिक्ट... तुमचे अनुभव आणि माहिती इथे लिहा

चकलीचा_सोऱ्या
जुन्या फायलीत २०१६ सालचं रविवार ब्रंचचं बिल निघालं. सर्व्हिस टॅक्स, स्वच्छ भारत सेस, कृषी कल्याण सेस, व्हॅट आणि सर्व्हिस चार्ज, अशी पाच ओळींची शेपटी! आता शेपटी आखूड झालीय पण आकडा मात्र फुगलाय. पुण्यात कल्याणीनगर-कोरेगाव पार्क, मुंबईत बांद्रा-लोअर परळ, सगळीकडे तेच. पंचतारांकितात माणशी तीन-चार हजार म्हणजे आता कुणी दचकतही नाही.
तर जाणकारांनो, पैसे नक्की कशाचे जातात, काय मागवावं, काय टाळावं, बिलात काय बघावं ते लिहा. "घरी पोहे खा" हा सल्ला मिळालेला आहे, परत नको 🙏

भुईनळा
घरी पोहे खा.

बिल_तपासनीस
@भुईनळा 😀
आधी बिलाचं बोलतो. मेनूवर "३००० प्लस प्लस" असतं, त्यातला एक प्लस टॅक्सचा आणि दुसरा सर्व्हिस चार्जचा. १०% चार्ज धरा, ३००० चे झाले ३३००. हॉटेल मोठं असेल तर त्यावर १८% जीएसटी म्हणजे ५९४. एकूण ३८९४. हेच हॉटेलबाहेरचं स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर ५% म्हणजे १६५, एकूण ३४६५. जीएसटी सर्व्हिस चार्जवरही लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.
१८% कुणाला? ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० च्या वर आहे, त्याच्या आवारातल्या रेस्टॉरंटला. १ एप्रिल २०२५ पासून पाटीवरचा दर बघत नाहीत, मागच्या आर्थिक वर्षात खोली प्रत्यक्षात केवढ्याला दिली ते बघतात. मॉलमधल्या किंवा रस्त्यावरच्या कॅफेने १८% लावला असेल तर सरळ विचारा. तिथे केंद्राचा २.५ अधिक राज्याचा २.५ एवढंच हवं. आणि बिलावर "कंपोझिशन" (लहान व्यावसायिकांची सोपी कर योजना) लिहिलेलं असेल तर वेगळा जीएसटी घेताच येत नाही.
दारू जीएसटीत येत नाही, तिला व्हॅट. महाराष्ट्रात परमिट रूमला नोव्हेंबर २०२३ पासून १०%. म्हणून ती बिलावर वेगळी दिसते. पूर्ण बिलावर सरसकट जीएसटी मारलाय का ते तपासा, घाईच्या दिवशी हे होतं.

ऋतू_पावसाळी
सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला तर काढतात का हो? की वाद घालावा लागतो?

बिल_तपासनीस
@ऋतू_पावसाळी ताई, तो ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२२ च्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या कायम ठेवल्या. रेस्टॉरंटवाल्यांनी पुढे अपील केलंय ते वेगळं. पैसे देण्या*आधी* सांगायचं, "चार्ज काढून नवीन बिल द्या." नवीन बिलच घ्या, पेनाने खोडलेलं नको, कारण चार्ज गेला की जीएसटीचा पायाही कमी होतो. वरच्या उदाहरणात ३००० वर १८% म्हणजे ५४०, एकूण ३५४०. माणशी ३५४ वाचले. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बहुतेक ठिकाणी नंबर लावायची वेळ येत नाही, मॅनेजरला तो माहीत असतो.
वेटरला द्यायचं ते हातात रोख द्या.

लोणकढं
रोखीबद्दल अनुमोदन. पण बरेचदा सगळी रोख एका डब्यात जाते आणि पॉइंटवर, म्हणजे प्रत्येकाच्या ठरलेल्या हिश्श्याने, वाटली जाते, त्यात किचनलाही वाटा असतो. तसं असेल तर चांगलंच आहे, आमलेटवाल्यालाही मिळतं.

किचन_नं_२
पदार्थांचं सांगतो. एग्ज बेनेडिक्टची एक प्लेट म्हणजे दोन पोच्ड (कवच फोडून पाण्यात शिजवलेली) अंडी, एक मफिन, चाळीसेक ग्रॅम बटर, हॅम किंवा पालक. कच्चा माल सव्वाशेच्या आत. मेनूवर ५५०. लूट म्हणायच्या आधी थांबा. रेस्टॉरंटचं गणित साधारण ३०% कच्च्या मालाचं असतं, बाकी भाडं, पगार, गॅस, वीज, नासाडी. ब्रंचला अंड्यांच्या पदार्थांत ते वीस-बावीसवर येतं आणि तिथूनच चीज बोर्डाचा तोटा भरून निघतो. म्हणजे पैसे अंड्याचे नाहीतच, रविवारी १२ ते ३ त्या खुर्चीवर बसायचे आहेत.
पण बेनेडिक्ट नीट केलेलं असेल तर ५५० मला जास्त वाटत नाहीत, कारण चुकायला जागा फार. अंड्यांवर ओततात त्या हॉलंडेज सॉसचं प्रमाण : ३ बलक, १ चमचा पाणी, १ चमचा लिंबूरस, १८० ग्रॅम वितळवून निवळलेलं बटर. बलक आणि पाणी डबल बॉयलरवर फेटायचं, खालचं पाणी उकळतं नको आणि भांड्याला टेकायलाही नको. फेटणीची रेघ राहायला लागली की उतरवा. मग बटर आधी थेंब थेंब, मग बारीक धारेने. लिंबू, मीठ शेवटी. बलक ७० अंशांच्या पुढे गेला की रवाळ होतो, बटर घाईने ओतलं की फुटतो. फुटला तर नवीन बलक चमचाभर कोमट पाण्यात फेटून त्यात फुटलेला सॉस थोडा थोडा घालत जायचा, परत जुळतो. रवाळ झालेला मात्र फेकायचा.
टेबलावर काय बघायचं : कडेला तुपकट पिवळं पाणी सुटलेलं असेल तर सॉस फुटलाय किंवा प्लेट हीट लॅम्पखाली पडून होती. परत पाठवा, लाजू नका. अगदी गडद पिवळा, चकचकीत, लिंबाचा मागमूस नाही, तर तो पाकिटातला. आणि ताजा सॉस कोमटच ठेवावा लागतो, कच्च्या बलकाचं प्रकरण, दोन तासांवर ठेवू नये. ब्रंच संपत आलं की बेनेडिक्ट मागवण्यापेक्षा साधं आमलेट बरं.

ऋतू_पावसाळी
वा, काय सविस्तर! बटरऐवजी घरचं साजूक तूप चालेल का?

किचन_नं_२
चालेल, सॉस जुळेल. पण विरजणाचा आणि खरपूस कढवल्याचा वास वर येतो, अंड्यावर तो जड होतो. बिनमिठाचं बटर मंद आचेवर वितळवा, फेस काढा, खालचं दुधट पाणी मागे ठेवा. बेरी होईपर्यंत जायचंच नाही.

भुईनळा
बेरी साखर घालून खावी. एवढ्यासाठी तूप कढवतात. बाकी तुमचं चालू द्या.

आजीचा_खलबत्ता
पोच्ड अंडं घरी कायम विस्कटतं त्यांच्यासाठी : अंडं आधी चहाच्या गाळणीत फोडायचं. पातळ पांढरं गळून जातं, तेच पाण्यात धाग्यांसारखं पसरत असतं. लिटरभर पाण्याला एक चमचा व्हिनेगर, तळाशी बारीक बुडबुडे दिसले पाहिजेत, खळखळ नको. ३ मिनिटं. हॉटेलवाले सकाळीच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की मिनिटभर गरम पाण्यात बुडवतात. त्यात गैर काही नाही. शिळं अंडं मात्र कितीही गाळा, पसरणारच.
फोनवरून लिहितेय, कुकरची चौथी शिट्टी झाली, पळते.

नाशिककर_द्राक्ष
"अनलिमिटेड मिमोसा"चं गणित कुणीच लिहिलं नाही?? ७५० मिलीची बाटली. अर्धी फेसाळ वाइन, अर्धा संत्र्याचा रस, १५० मिलीचा ग्लास, म्हणजे एका बाटलीत १० ग्लास. नुसती दिली असती तर पाच. शिवाय भरपूर बर्फ घातला की बाराही होतात (मिमोसात बर्फ घालत नाहीत, दोन्ही गोष्टी थंडगार हव्यात). आधी वाइन, मग रस, हलवायचं नाही. उलटं केलं की फेस वर येतो.
पॅकेज परवडतं का बघायला सोपा हिशोब : दारूवालं आणि बिनदारूचं पॅकेज यांतला फरक भागिले एका ग्लासची सुटी किंमत. फरक १५००, ग्लास ६०० ला, तर तिसऱ्या ग्लासापासून फायदा. पण वेळ दोन तासांची असेल तर ती कधीपासून मोजतात ते बसतानाच विचारा, टेबलावर बसल्यापासून की पहिल्या ग्लासापासून. आणि "शेवटची ऑर्डर" वीस-तीस मिनिटं आधीच घेतात.
बाटलीही बघा. आपल्या नाशिकच्या बऱ्याच चांगल्या ब्रूट (कोरड्या फेसाळ वाइन) बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या असतात, सुला काय, दिंडोरीची शांदों काय. त्या संत्र्याच्या रसात बुडवणं म्हणजे जिवावर येतं. नुसती मागा.

सरळमार्गी
डबाबंद रसात केलेला मिमोसा ओळखायचा कसा?

नाशिककर_द्राक्ष
गर अजिबात नाही, रंग एकसारखा आणि शेवटी घशाशी साखर. ताज्या रसाला सालीचा किंचित कडवटपणा असतोच.

शाकाहारी_पण_खवय्या
अंडंही न खाणाऱ्यांसाठी लिहिते, कारण व्हेज पॅकेज स्वस्त क्वचितच असतं आणि शंभर पदार्थांतले तीस उरतात. ते तीसही तपासावे लागतात.
सीझर ड्रेसिंगमध्ये बहुतेकदा अँकोव्ही मासा, वूस्टर सॉसमध्येही. खऱ्या परमेसानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण), "व्हेज रेनेटचं आहे का" असं विचारायचं. मूस, न भाजलेलं चीजकेक, पन्ना कोटा यांत जिलेटिन, तेही प्राण्यांचं. तिरामिसूत अंडं. हॉलंडेजमध्ये काय असतं ते वर आलंच. सूप "व्हेज" असलं तरी स्टॉक कशाचा ते विचारा. आणि लाइव्ह काउंटरवर तवा आणि चिमटे वेगळे आहेत का हे बघूनच उभं राहा. "मॅडम पुसून घेतो" हे उत्तर आलं तर पुढच्या काउंटरकडे.

चकलीचा_सोऱ्या
@शाकाहारी_पण_खवय्या रेनेटचं माहीत नव्हतं, धन्स!

उपाशी_वारकरी
२०२५ ची आषाढी एकादशी रविवारीच होती. त्या दिवशी ब्रंचला कोण काय खात असेल? 😄

भुईनळा
पपई. ३००० प्लस प्लस.

शाकाहारी_पण_खवय्या
आणि उकडलेला बटाटा, रोजमेरीसकट. रोजमेरी उपासाला चालते का हे आता काकूंना विचारावं लागेल.

थंड_ट्रे
बुफेबद्दल. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली, हा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नियम. थर्मामीटर न लावता कसं बघायचं? झाकण उघडल्यावर वाफ येते का, ट्रेखालचं पाणी गरम आहे का. कोळंबी बर्फावर *रुतलेली* हवी. बर्फाचं पाणी होऊन कोळंबी त्यात पोहत असेल तर सोडून द्या. सुशीचा भात कडक लागला तर ती फ्रिजमधून आलीय, भाताचा दाणा थंडीत कडक होतो.
ट्रेमधली स्क्रॅम्बल्ड अंडी हिरवट दिसली तर घाबरू नका, फार वेळ गरम राहिल्यावर बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक मिळून तो रंग येतो. अपाय नाही, पण रबर झालेलं असतं. अंडं लाइव्ह काउंटरवरूनच घ्या.
मांडणी मुद्दाम असते. दारातून शिरल्यावर ब्रेड, सॅलड, पास्ता, लहान डाव मात्र माशाला आणि मटणाला. आधी प्लेट न घेता एक फेरी मारा. गर्दी १ ते २ मध्ये, ट्रे तेव्हाच सारखे बदलतात, म्हणजे ताजं हवं तर तेव्हा आणि शांतता हवी तर उघडल्या उघडल्या. अडीचनंतर भरलेला ट्रे सहसा शेवटचा.

किचन_नं_२
बुफे नसेल तर उशिराचं कारण अंडी हेच. पोचिंगचं भांडं एक, त्यात एका वेळी पाच-सहा अंडी, आणि आठ जणांचं टेबल सहा बेनेडिक्ट मागतं. म्हणजे बारा अंडी एका वेळी. मोठ्या ग्रुपने दोन-तीन जणांनी तव्यावरचं, दोघांनी बेकरीचं, असं वाटून मागवलं तर सगळ्यांचं एकत्र येतं. कॉफी ऑर्डरसोबतच सांगा, नंतर सांगितलेली कॉफी रांगेत सगळ्यात मागे.

मेलबर्नची_माई
इकडे रविवारी बिलावर साधारण १०% आणि सरकारी सुटीला १५% जादा आकार असतो, कारण त्या दिवशी कामगारांना जास्त पगार द्यावा लागतो. तो मेनूवर छापलेला असतो, मग टिपचा आग्रह नाही. तेच कॅफे शनिवारी गाठा, तोच ॲव्होकॅडो टोस्ट १०% स्वस्त. आता तिकडे सकाळ असेल ना, इथे दुपारचं धुणं वाळत घालायचंय.

लंडनी_लसूण
लंडनमध्ये सर्व्हिस चार्ज १२.५% लावतात, तोही ऐच्छिकच. ऑक्टोबर २०२४ पासून तो पूर्ण कामगारांनाच द्यावा लागतो, मालकाला कापता येत नाही. तेव्हा तिथे काढायला सांगताना दोनदा विचार करा. "बॉटमलेस" म्हणजे अनलिमिटेड दारू ९० मिनिटं, घड्याळ लावून.

ऋतू_पावसाळी
ॲव्होकॅडो टोस्टबद्दल कुणी लिहा ना, ४५० कशाचे?

आजीचा_खलबत्ता
परत आले, भात झाला.
काळपट खडबडीत सालीचा हास जातीचा ॲव्होकॅडो आयात होतो, टांझानियातून भरपूर येतो. आपल्याकडचा कूर्ग-कोडाईकनालचा, दक्षिणेत ज्याला बटर फ्रूट म्हणतात तो, हिरव्या गुळगुळीत सालीचा, पाणीदार, तेल कमी. टोस्टवर पाणी सुटलं की समजा तोच, हासच्या भावात. कॅफेला नासाडीही सोसावी लागते, वरून बरा दिसलेला आत काळा निघतो. विकत घेताना देठाचा बोंडा नखाने उचकटून बघा, खाली हिरवं तर चांगला, तपकिरी तर आतून गेला. कडक आणून तीन-चार दिवस बाहेर, पिकला की फ्रिजमध्ये. कापलेल्या अर्ध्याला लिंबू चोळून प्लॅस्टिक अगदी चिकटवून लावा.

म्हापश्याचो_पोदेर
गोव्यात आसगावच्या कॅफेंत आता पोईवर (आमचा गोवन पाव) अंडं आणि चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालून देतात, भाव सावरडो ब्रेडच्या टोस्टएवढाच. पोई तीच, जी सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत काही रुपयांना देऊन जातो. वाईट नसते, पण दुपारपर्यंत वातड होते. तव्यावर कोरडी शेकून देता का विचारा. चोरीसचं तेल सुटलेलं टाकून देऊ नका म्हणावं, त्यातच अंडं फोडायचं.

भुईनळा
हे ऐकून पोह्यांचं मत बदलतंय. चोरीस पुण्यात चांगलं कुठे मिळेल? लोंबत्या माळेचं हवं, पाकिटातलं नको.

म्हापश्याचो_पोदेर
म्हापसा बाजारातून कुणी येत असेल तर मागवा. माळ हाताला कोरडी लागली पाहिजे, चिकट असेल तर ओली आहे, प्रवासात बुरशी धरेल. कागदात गुंडाळून आणा, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो.